टाक्याचा ताण

१९२७ साली बार्शी लाइट रेल्वेचा फाटा पंढरपूरहून मिरजेपर्यंत पोचला. लातूरला ही अडीच फुटी रुळांची गाडी त्याआधीच, १९११ मध्ये आली होती. आता कापसाच्या गाठी आणि वारकऱ्यांबरोबर आणखी एका प्रकारच्या प्रवाशाची सोय झाली. लातूर, औसा, निलंग्याकडच्या ज्या म्हाताऱ्या माणसाला समोरचं ताट दिसेनासं झालं होतं, त्याला नातवाच्या खांद्यावर हात ठेवून कुर्डुवाडी, पंढरपूर करत मिरजेच्या मिशन दवाखान्यात जाता येऊ लागलं. डॉ. विल्यम वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या त्या दवाखान्याचं नाव मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दूरवर झालेलं होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा सगळ्या देशाने ती वाट पाहिली. त्याच दोन गावांमधली डोळ्यांची वाट मात्र कुणी लिहून ठेवली नाही.

नांदेडची वाट वेगळी होती. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्यातली रेल्वे १९०० च्या सुमारास नांदेडवरून सुरू झाली, आणि निजामाच्या राज्यातल्या या जिल्ह्याचा मोठा दवाखाना म्हणजे हैदराबाद, हे ठरून गेलं. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं, स्वतंत्र जिल्हा ते १९८२ मध्ये झालं. ज्यांना मिरज परवडत नव्हती आणि हैदराबाद जमत नव्हतं, त्यांच्यासाठी गावोगाव फिरणारे, सुईने मोतीबिंदू 'उतरवणारे' लोक होते. सुश्रुतसंहितेत वर्णन केलेल्या प्रकाराचंच ते उतरत आलेलं रूप. धूसर झालेलं भिंग बाहेर काढायचं नाही, टोचून डोळ्याच्या आत मागे लोटायचं. दोन दिवस उजेड दिसायचा, पैसे घेऊन माणूस पुढच्या गावी जायचा, आणि पुष्कळ डोळे नंतर सुजून, दुखून कायमचे जायचे.

मिरजेसारख्या ठिकाणी भिंग बाहेर काढलं जाई. त्यासाठी पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या वरच्या कडेला जवळजवळ अर्धवर्तुळाकार काप घ्यावा लागे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो काप बहुधा शिवत नसत. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि खोकायचं नाही, कूस बदलायची नाही, अशा सूचना देऊन रुग्णाला कित्येक दिवस उताणं ठेवत. जखम आपली आपण भरे, पण भरताना कडा जराशी सरके आणि पारपटलाचा गोलावा त्या दिशेने चपटा होई. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचं दृष्टिवैषम्य, चष्म्याच्या दुकानात ज्याला सिलिंडरचा नंबर म्हणतात ते, इथून सुरू होतं. मराठवाड्यातल्या मोतीबिंदूचा इतिहास सहसा किती डोळे उघडले या आकड्यांनी सांगितला जातो. उघडलेल्या डोळ्याला पुढे नीट किती दिसलं, हा त्याच इतिहासाचा दुसरा भाग आहे. तो जास्त महत्त्वाचा आहे असं मला वाटतं.

दृष्टिवैषम्य हा दोष युरोपात शंभर वर्षं आधी कळलेला होता. इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांना १८२५ मध्ये स्वतःच्याच डाव्या डोळ्यात तो सापडला आणि त्यांनी त्यासाठी दंडगोल भिंग घासून घेतलं. निकोप पारपटल सगळ्या दिशांनी जवळपास सारखं वळलेलं असतं. एका दिशेने ते जास्त वळलं आणि तिच्या काटकोनातल्या दिशेने कमी, तर प्रकाशाचे किरण एका बिंदूत जमत नाहीत. एका दिशेच्या रेषा स्पष्ट दिसतात, दुसऱ्या दिशेच्या फिसकटतात. डच नेत्रतज्ज्ञ स्नेलेन, ज्यांच्या नावाचा अक्षरांचा तक्ता आजही प्रत्येक दवाखान्यात टांगलेला असतो, त्यांनी १८६९ मध्ये एक साधी गोष्ट सुचवली होती: पारपटल ज्या दिशेने जास्त वळलेलं आहे, त्याच दिशेवर काप घेतला तर तिथला गोलावा कमी होईल. ही सूचना लातूर-नांदेडच्या ऑपरेशन टेबलापर्यंत यायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली.

मधली वर्षं शिबिरांची. १९७६ मध्ये केंद्र सरकारने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, पण शिबिरं त्याआधीपासून होती. शेजारच्या कर्नाटकात, विजापूरकडच्या बिळगीचे डॉ. एम. सी. मोदी एका दिवसात शेकडो डोळ्यांवर शस्त्रक्रिया करत. मराठवाड्यातही शाळा, धर्मशाळा, जिनिंगची शेड अशा जागी शिबिरं भरू लागली. बाकं बाहेर, वर्गात सतरंज्या, खिडक्यांना चादरी, आणि ओळीने निजलेली, हिरवी पट्टी बांधलेली माणसं. शिबिरं हिवाळ्यात घेत, कारण उन्हाळ्या-पावसाळ्यात डोळा पिकतो, असा समज लोकांत पक्का होता. शस्त्रक्रियेत भिंग त्याच्या आवरणासकट काढून टाकत आणि दीड महिन्याने जाड काचेचा, साधारण अधिक दहाचा चष्मा देत.

त्या चष्म्यातून दिसणाऱ्या जगाची आज कल्पना करणं अवघड आहे. सगळं पाव-एक पट मोठं दिसायचं, त्यामुळे पायरी जवळ वाटायची आणि पाऊल चुकायचं. काचेच्या कडेला दृष्टीची एक पोकळी असायची. रस्त्यावरची बैलगाडी त्या पोकळीत नाहीशी व्हायची आणि एकदम अंगावर आल्यासारखी प्रकटायची. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर दोन डोळ्यांना दोन मापांची दोन चित्रं दिसायची, आणि मेंदूला ती जुळवता यायची नाहीत. शेतात चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. ज्याचा मूळ नंबरच अधिक दहा, त्याच्या दीड-दोन सिलिंडरकडे कोण पाहणार? समोर धरलेली बोटं मोजता आली, शिबिराच्या वहीत नोंद झाली, काम झालं.

भिंग काढल्यावर त्या जागी दुसरं भिंग बसवण्याचा विचार लंडनचे हॅरॉल्ड रिडली यांनी प्रत्यक्षात आणला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत लढाऊ विमानाच्या छताचे प्लास्टिकचे कण घुसत आणि वर्षानुवर्षं काही त्रास न देता तिथेच राहत, हे त्यांनी पाहिलं होतं. त्याच जातीच्या प्लास्टिकचं, पर्स्पेक्सचं भिंग त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात एका बाईंच्या डोळ्यात बसवलं. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण नंबर निघाला उणे अठरा, आणि शिवाय सहा डायॉप्टरचा (डायॉप्टर म्हणजे नंबराचं एकक) सिलिंडर. जगातल्या पहिल्याच कृत्रिम भिंगाबरोबर दृष्टिवैषम्य हजर होतं, तेही एवढं मोठं. भिंगाच्या शक्तीचं गणित पुढच्या तीस वर्षांत बरंच बसलं. सिलिंडरचं गणित बसायला मात्र जास्त वेळ लागला, कारण तो भिंगात नव्हता. तो कापात आणि टाक्यात होता.

भारतात अमृतसरचे डॉ. दलजित सिंग यांनी १९७० च्या दशकात कृत्रिम भिंगांचं काम सुरू केलं, तरी सामान्य माणसाला ते परवडणारं नव्हतं. ते बदललं १९९२ नंतर, मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबने देशात भिंगं बनवायला घेतली तेव्हा. दहा डॉलरच्या आत भिंग मिळू लागलं. पाठोपाठ १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीचा मोतीबिंदू प्रकल्प आला, आणि ज्या सात राज्यांत तो राबवला गेला त्यांत महाराष्ट्र होता. डॉक्टरांना नव्या पद्धतीचं प्रशिक्षण, जिल्ह्याला सूक्ष्मदर्शक, शिबिरातून रुग्णालयाच्या थिएटरकडे जाण्याचा आग्रह, हे सगळं त्यातून आलं. 'लेन्स टाकून' ऑपरेशन झालं, हे वाक्य मराठवाड्यातल्या घराघरांत शिरलं ते याच वर्षांत.

या बदलाच्या उंबरठ्यावर या भागातला एक डॉक्टर उभा होता. लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यातलं माकेगाव हे डॉ. तात्याराव लहाने यांचं गाव. औरंगाबादला शिक्षण घेऊन ते अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभागात आले. अंबाजोगाई बीड जिल्ह्यात असली तरी लातूरकरांना ती घरचीच. तिथल्या शिबिरांतून त्यांचा हात घडला. १९९४ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली असताना १९९५ मध्ये आई अंजनाबाईंनी त्यांना आपलं मूत्रपिंड दिलं. आनंदवनात बाबा आमट्यांच्या कुष्ठरुग्णांवर त्यांनी आणि डॉ. रागिणी पारेख यांनी केलेल्या शस्त्रक्रिया, एक लाखाच्या पुढे गेलेला आकडा, २००८ ची पद्मश्री, या गोष्टी मराठी वाचकाला पाठ आहेत. त्यांच्या नावाला चिकटलेलं 'बिनटाक्याचं ऑपरेशन' हे विशेषण मात्र आपण फारसा विचार न करता उच्चारतो. टाका नाही म्हणजे दुखत नाही, लवकर घरी जाता येतं, एवढंच लोकांना कळतं. त्याचं खरं मोल कळायला आधी टाका समजून घ्यावा लागतो.

कृत्रिम भिंगाची सुरुवातीची शस्त्रक्रिया अशी होती. डोळ्याच्या वरच्या बाजूला, घड्याळात दहापासून दोनपर्यंत, दहा ते बारा मिलिमीटरचा काप. भिंगाचा गाभा बाहेर काढायचा, आवरणाची पिशवी मागे ठेवायची, तिच्यात नवं भिंग बसवायचं, आणि मग पाच ते सात टाके. धागा नायलॉनचा, केसाहून बारीक, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारा. हाताखाली प्रकाश कमी, मागे पंधरा माणसं रांगेत, आणि जखम गळू नये ही धास्ती. साहजिकच टाका जरा घट्टच बसे. दाभणाने सोयाबीनच्या पोत्याचं तोंड आवळून शिवलं की शेजारचं कापड जसं फुगून वर येतं, तसं पारपटल उभ्या दिशेने जास्त वळत असे. तीन, चार, कधी पाच डायॉप्टरचा सिलिंडर त्यातून निघे. टाका सैल राहिला किंवा धागा गळून गेला तर उलट, उभी दिशा चपटी होऊन सिलिंडर आडवा फिरे.

निरक्षर रुग्णांसाठी तक्त्यावर अक्षरं नसतात, चार दिशांना तोंड केलेला इंग्रजी 'ई' असतो. बोटांनी त्याचे दात कुठल्या बाजूला ते दाखवायचं. टाका घट्ट बसलेल्या आजीला दात वर किंवा खाली असले की झटकन दाखवता यायचे, कारण उभ्या रेषा तिला स्पष्ट होत्या. तोच 'ई' उजवीकडे किंवा डावीकडे वळला की तीन आडवे दात एकमेकांत मिसळून काळा ठिपका व्हायचा. आजी हात हवेत धरून थांबायची. शेजारी उभा असलेला मुलगा म्हणायचा, "आई, नीट बघ की!" ती नीटच बघत होती. दोष तिच्या नजरेत नव्हता, लक्षातही नव्हता, दीड महिन्यापूर्वीच्या एका गाठीत होता.

या गाठीवर उपाय होता, आणि तो फार सुंदर होता. सहा ते आठ आठवड्यांनी जखम भरली की केरॅटोमीटर नावाच्या यंत्रावर पारपटलाचा गोलावा मोजायचा. हेल्महोल्ट्झ यांच्यापासून चालत आलेलं आणि १८८१ मध्ये पॅरिसमध्ये जावाल आणि श्योट्झ यांनी दवाखान्यात वापरण्याजोगं केलेलं हे यंत्र. ज्या दिशेने गोलावा जास्त, त्या दिशेवरचा टाका ओळखायचा. डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकायचा, रुग्णाची हनुवटी स्लिटलॅम्प या तपासणीच्या सूक्ष्मदर्शकाच्या पट्टीवर टेकवायची, आणि सुईच्या धारेने तो एक टाका तोडायचा. धागा तटकन सुटतो, रुग्णाला काही कळतही नाही. आवळलेली दिशा हळूहळू सैल होते आणि सिलिंडर उतरतो. एकाच वेळी सगळे टाके तोडायचे नाहीत, नाहीतर जखम सैल होऊन उलटा सिलिंडर येतो. एक तोडायचा, रुग्णाला पुन्हा बोलवायचं, पुन्हा मोजायचं.

पुन्हा बोलवायचं, इथे मराठवाड्यात सगळं अडत असे. डिसेंबर-जानेवारीत ऑपरेशन झालेल्या माणसाचे सहा-आठ आठवडे भरतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, ज्वारीची काढणी सुरू असताना. किनवटहून नांदेड किंवा देवणीहून लातूर, एका म्हाताऱ्यासाठी घरातल्या कामाच्या माणसाने दिवस मोडायचा, तोही 'दिसतंय की आता' अशा अवस्थेत. पुष्कळ लोक फिरकलेच नाहीत. टाके आत राहिले, कधी धाग्याचं टोक वर येऊन पापणीला टोचत राहिलं, सिलिंडर कायमचा बसला. आठवडी बाजारात मिळणाऱ्या तयार चष्म्यात फक्त गोल नंबर असतो, सिलिंडर नसतोच. ज्यांना मोजून दिलेला चष्मा मिळाला, त्यांच्या चष्म्याची दांडी वाकली, काच चौकटीत फिरली, तरी सिलिंडरचा अक्ष फिरला आणि चष्मा निकामी झाला. लोक म्हणत, वय झालं, एवढंच दिसायचं. ते ऐकणाऱ्या आम्हा सगळ्यांनी ते खरं मानलं, याचं आज वाईट वाटतं.

म्हणून टाकाच नको, हा विचार मोलाचा होता. नेपाळ, इस्रायल आणि भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात हाताने करायची लहान कापाची शस्त्रक्रिया घडवली. पारपटलाच्या कडेवर सरळ काप घेण्याऐवजी थोडं मागे, डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत सहा-सात मिलिमीटरचा, दोन्ही टोकं पारपटलापासून दूर वळवलेला काप घ्यायचा, आणि तिथून भिंतीच्या थरांमधून बोगदा करत आत शिरायचं. डोळ्यातला दाब आतून बोगद्याचं झाकण मिटवून टाकतो, शिवायची गरज उरत नाही. मोठं यंत्र लागत नाही, वीज गेली तरी काम अडत नाही. शिवाय कापामुळे येणारं दृष्टिवैषम्य कापाच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. बारा मिलिमीटरचा काप सहावर आला, तर या हिशेबाने दृष्टिवैषम्य निम्मं न होता एक अष्टमांशाकडे जातं.

हा हिशेब महाराष्ट्रातल्याच गरीब रुग्णांवर तपासला गेला. पुण्याच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७४१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. निम्म्यांना टाक्यांची जुनी शस्त्रक्रिया, निम्म्यांना बोगद्याची. २००३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय ६/१८, म्हणजे निकोप डोळ्याला अठरा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून, किंवा त्याहून चांगलं दिसणारे टाक्यांच्या गटात ३७.३ टक्के होते, बोगद्याच्या गटात ४७.९ टक्के. चष्मा लावल्यावर दोन्ही गट जवळ आले, ८६.७ आणि ८९.८. या चार आकड्यांपाशी मी वारंवार थांबतो. दोन्ही गटांत शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. तरी नीट चष्मा मिळाला नाही तर टाक्यांच्या गटातले जवळपास निम्मे लोक, जे चांगलं पाहू शकले असते, ते अर्धवटच पाहत राहिले असते. त्याच रुग्णालयाने २००५ मध्ये बोगद्याची तुलना फेको, म्हणजे ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेणाऱ्या यंत्राशी केली, तेव्हा सरासरी दृष्टिवैषम्य १.२ आणि १.१ डायॉप्टर, म्हणजे जवळपास सारखंच निघालं. लाखो रुपयांच्या यंत्राशिवायही लातूर-नांदेडची सरकारी थिएटरं चांगली नजर देऊ शकतात, याचा हा पुरावा होता.

तरीही बोगद्याचा सव्वा-दीड डायॉप्टर उरत होता, आणि त्याचं कारण बरंचसं सवयीत होतं. सर्जन रुग्णाच्या डोक्यापाशी बसतो, म्हणून काप वर, बाराच्या काट्यावर. वरचा काप उभी दिशा चपटी करतो. तरुणपणी पारपटल बहुधा उभ्या दिशेने जास्त वळलेलं असतं, पण वयाबरोबर आडवी दिशा जास्त वळत जाते. सत्तरीच्या माणसाची उभी दिशा आधीच चपटी, तीच आपण आणखी चपटी करत होतो. मुंबईच्या डॉ. निखिल गोखले यांनी २००५ मध्ये कापाच्या जागा बदलून मोजणी प्रसिद्ध केली. वरच्या कापाने सरासरी १.२८ डायॉप्टर दृष्टिवैषम्य आलं, कानशिलाच्या बाजूच्या कापाने ०.३७, आणि वर व कानशील यांच्या मधल्या कापाने अवघं ०.२०. भिंग तेच, हात तोच, खर्च तोच.

आमच्या भागात याला आणखी एक फाटा आहे. आयुष्यभर उन्हात, धुळीत राबलेल्या पुष्कळ माणसांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढून पारपटलावर चढलेलं असतं. ते आडवी दिशा ओढून चपटी करतं, म्हणजे उभा सिलिंडर वाढवतं. ते तसंच ठेवून भिंगाची शक्ती मोजली, तर आकडाच चुकतो. मोठं असेल तर ते आधी काढायचं, पारपटल स्थिरावू द्यायचं, मग मोतीबिंदू, ही शिस्त लागते.

नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये सुरू झालं, लातूरचं २००२ मध्ये. उदगीरच्या लायन्स नेत्र रुग्णालयात सीमेपलीकडून, बिदर आणि तेलंगणाकडूनही लोक येतात. मिरज आणि हैदराबादची जुनी वाट आता मोतीबिंदूसाठी फारशी कुणी धरत नाही. खासगी दवाखान्यांत अडीच मिलिमीटरच्या आसपासचा काप, घडी करून आत सोडायचं भिंग आणि ज्याला मोठा सिलिंडर आहे त्याला टोरिक भिंग, असा काळ आला आहे. भिंगातच सिलिंडर घालण्याची ही कल्पना जपानच्या किमिया शिमिझू यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी पुढे आणली. टोरिक भिंगाला अक्षाची खूण असते. माणूस आडवा झाला की डोळा काही अंश फिरतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी रुग्णाला ताठ बसवून पारपटलाच्या कडेवर शाईने खूण करतात आणि भिंग त्या खुणेला जुळवतात. भिंग एक अंश फिरलं की त्याचा सुमारे तीन टक्के परिणाम जातो, आणि तीस अंश फिरलं की ते बसवून न बसवल्यासारखंच.

सरकारी मोफत शस्त्रक्रियेत साधारणपणे साधंच भिंग मिळतं, आणि इथले बहुतेक शेतमजूर तिथेच जातात. त्यांच्यासाठी स्नेलेन यांची १८६९ ची सूचना अजून पुरते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दोन्ही डोळ्यांचा केरॅटोमीटरचा आकडा केसपेपरवर लिहायचा, निव्वळ भिंगाची शक्ती काढण्यापुरता नव्हे, तर काप कुठे घ्यायचा ते ठरवण्यासाठी. उभी दिशा जास्त वळलेली असेल तर काप वर, आडवी असेल तर सर्जनने आपलं स्टूल उचलून कानशिलाच्या बाजूला बसायचं. दीड महिन्याने सिलिंडर मोजून चष्मा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातच द्यायचा, म्हणजे देवणीच्या माणसाला त्यासाठी लातूर गाठावं लागणार नाही. आणि जिल्ह्याच्या अहवालात शस्त्रक्रियांच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना असायचा: सहा आठवड्यांनी, घरात असलेल्या चष्म्यासह, किती जणांना ६/१८ दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेने शंभरात किमान ऐंशी ही पातळी १९९८ मध्येच घालून दिली आहे.